बुरुजावर कोणाला धाडायचं

बाबा, काल शिरगावच्या किल्ल्यात तुमची ती माकुणसारची विद्यार्थिनी भेटली, माझ्याच वर्गातली. आणि इतक्या वर्षांनी मला पुन्हा तिचा हेवा वाटला.

दमणपासून वसईपर्यंतच्या या सरहद्दीच्या पट्ट्यातले किल्ले आता मी रविवारी लोकांना दाखवते. आधी जागा, मग रचना, शेवटी इतिहास, हा तुमचाच क्रम. काल तटातल्या जंगीपाशी थांबून सांगत होते: बंदुकीसाठी ठेवलेली ही फट आतून रुंद आणि बाहेरून अरुंद असते; म्हणून आतल्याला नळी डावी-उजवीकडे वळवता येते, बाहेरच्याला मात्र नेम धरायला जागाच उरत नाही. केवढी देखणी युक्ती! तेवढ्यात ऐकणाऱ्यांतून ती म्हणाली, "काय गं मास्तरीण, अजून सगळं तोंडानंच दाखवतेस?"

त्या शाळेच्या सहली. तारापूर, केळवे, माहीम, मनोरजवळचा अशेरी, आणि हा शिरगाव तर कितीदा. तुम्ही पायरीवर बसता, छत्री मांडीवर आडवी ठेवता आणि दर वेळी तिलाच बुरुजावर पाठवता. तिने दिसेल ते ओरडून सांगायचं. "सर, होड्या हायत! आमची वाडी नाय दिसत पण!" तुम्ही डोळे मिटून ऐकता, हसता. शेजारी मी उभी, सगळी उत्तरं तोंडपाठ करून आलेली. एकदा धीर करून विचारलं, मी कधी जाऊ, तर म्हणालात, "घरच्यांनी शेवटी." तो शेवट काही आला नाही.

काल हे मी तिला बोलून दाखवलं. ती खळखळून हसली. "अगं, सर बोलायचे, माझ्या पोरीला न बघताच सगळं ठावं हाय, तिला काय धाडायचं? जा, आता तू जा वर. मी बसते."

ते कौतुक होतं की टोमणा, हे तुम्ही होता तेव्हाच विचारायला हवं होतं. मी चढले. वर वारा होता, समुद्र होता, आत रावणमाडाची फाटे फुटलेली खोडं. "दिसतं ते सांग की!" ती खालून ओरडली. मी समुद्राकडे पाहतच नव्हते. तुमच्या पायरीवर ती बसली होती, डोळे मिटून, थेट तुमच्यासारखी.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून लिहिते: बुरुज अखेर मिळाला, बाबा, आणि मला त्या पायरीचा हेवा वाटला.