कालची भाकर

आत्याबाई,

मी नांदगाव पेठले ड्युटीवर चालली. काल हळदीकुंकवात तुमी चार बायकांपुढं सांगतलं, का माही सून पोरीले पुड्यातल्या नूडल्सवर पोसून राहिली. हे नाई सांगतलं, का पोरीच्या ताटातून तुमी बी सुर्रसुर्र ओढता.

म्हणून नूडल्सचे सारे पुडे, तुमचे टोस्ट बी, मी शेजारच्या आरतीले देऊन टाकले. तिलेच तुमी आळशी माय म्हणता ना? आचल शाळेतून तिच्याकडंच जाईन अन् नूडल्सच खाईन.

तुमच्यासाठी ज्वारीची भाकर झाकून ठेवली हाये. कालची हाये, जराशी वातड झाली. चांगली चावून खा.

दातांची कवळी शोधू नका. ती माह्या पर्समध्ये हाये.

तुमची सून,
वर्षाली