नव्या टाकीतलं पाणी

४ जून
आली एकदाची! पोरगी, तिची बॅग आणि तिचा सोनेरी मासा. तिच्या आजीने दारातच सांगितलं, "हा तिच्या आईने जायच्या आधी आणलेला. जपा. महिनाभर बघते, नाहीतर पोरीला घेऊन जाईन." नवरा म्हणतो, मनावर घेऊ नकोस. याला काय जातंय बोलायला! सावत्र तर मी आहे.

६ जून
टाकी नवी, मोठी काचेची. नवऱ्याची हौस! फिल्टर तेवढा जुना, आजीकडून आलेला. मासा एका कोपऱ्यात, पोरगी दुसऱ्या. दोघंही माझ्याशी बोलत नाहीत.

९ जून
पाणी दुधाळ झालंय! फिल्टरचा स्पंज काढला — शी! नुसता बुळबुळीत. नळाखाली धरून खसखसून धुतला. टाकीतलं सगळं पाणी बदललं, गोटेसुद्धा घासले. माझ्या घरात घाण? शोभतं का! आता काच कशी लख्ख दिसतेय.

१० जून
मासा वर येऊन नुसता तोंड उघडतोय, मिटतोय. पोरीने विचारलं, "तुम्ही काही केलंत का?" म्हटलं, साफ केलं फक्त. स्टूल ओढून टाकीसमोर जाऊन बसली. भांडली असती तर बरं झालं असतं.

११ जून
धाकट्या भावाला फोन केला, तो मासे पाळतो. आधी हसला कार्टा! "ताई, ती घाण नव्हती गं. माशाच्या घाणीचं विष पचवणारे जिवाणू त्या बुळबुळीत थरातच असतात. तू कामवालीला काढून टाकलंस, आणि आता विचारतेस भांडी का साचली!" मग आवाज उतरला. ते विष, अमोनिया, वाढलं असणार म्हणाला. रोज थोडंच पाणी बदलायचं, तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, क्लोरीन उडून गेलेलं. खायला अगदी कमी. "आणि स्पंजला हात लावशील तर बघ!"

१२ जून
पाणी तपासायचं औषध आणलं. नळीत टाकीतलं पाणी, वर थेंब. पिवळं राहिलं तर बरं, हिरवं झालं तर वाईट.
गडद हिरवं! देवा.

१३ जून
पुन्हा हिरवं. पोरगी म्हणाली, "आजी रोज विचारते, मासा कसा आहे." याला काही झालं तर सावत्र आईने मारला म्हणायला जग मोकळं! आणि खोटं तरी काय त्यात? स्पंज धुतला मीच ना!
तिच्या आईची एवढीच तर वस्तू होती.

१५ जून
किंचित फिकट! पोरीने नळी खिडकीशी धरली. "पिवळसर वाटतंय ना?" बादलीची दुसरी बाजू तिने उचलली. दोघींनी मिळून पाणी घातलं. फरशीवर सांडलं, पुसलंसुद्धा नाही मी!

१७ जून
सकाळी तरंगत होता. पोरीने माझ्या हातातली जाळी घेतली, स्वतःच काढला. हमसून हमसून रडली. जवळ येऊ दिलं नाही मला. आता बॅग भरणार. संपलं सगळं.

१८ जून
आजीचा फोन पोरीनेच घेतला. माझ्याकडे बघत म्हणाली, "मासा ना? मजेत आहे गं आजी! नाही, नको येऊस न्यायला."