निरीक्षणाचा रकाना

लाल तार पुन्हा धन बाजूला कसली, पाना खाली ठेवला, आणि बाई, नाकात तुमच्या शाळेतल्या प्रयोगशाळेतला वास भरला. लातूरच्या या कारखान्यात आम्ही तुमचाच प्रयोग मोठा करून करतो: मिठाच्या पाण्यातून वीज सोडून पिण्याच्या पाण्यासाठी जंतुनाशक बनवतो. दुरुस्तीनंतर तारा मीच उलट्या जोडल्या होत्या. दुपारभरात, पाण्यात वीज सोडणाऱ्या महागड्या पट्ट्यांवरचा मुलामा गेला. साहेबांनी मामांकडं पाहिलं. मामा आमचे ऑपरेटर, निवृत्तीला टेकलेले.

"मामा, डोळे तपासून घ्या आता."

"म्या तर मिठाच्या टाकीवर होतो, साहेब."

मी पाना पुसत राहिले.

हिमायतनगरच्या शाळेत कार्बनची एकच कांडी होती, जुन्या सेलमधून तुम्ही काढलेली. ती धन टोकाला, तांब्याची तार ऋण टोकाला, असं तुम्ही दोनदा सांगितलं होतं. मी उलटं केलं. पाणी हिरवट गढूळ होतंय, तार झिजतेय. तुम्ही काचेचं भांडं खिडकीच्या उजेडात धरता.

"कुणी जोडलं गं हे?"

"मी न्हाई बाई, हिनं." शेजारची मैत्रीण माझ्याकडं बघतच राहते.

"आन् तार तुझ्या हातात कशी?" सगळा वर्ग हसला. मग तुम्ही माझी वही उघडलीत. निरीक्षणाच्या रकान्यात गाईडमधलं वाक्य मी आधीच उतरवलं होतं, सगळेच उतरवायचे. "हे दिसलं का तुला? न्हाई ना? मग झालं ते लिही. चुकलीस त्याचं लई काय न्हाई. लपवलंस तर पुढचीला कळंल कसं?" मी लिहिलं: द्रावण हिरवे झाले. तारा मी उलट्या जोडल्या. तुम्ही पूर्ण गुण दिलेत, आणि मधल्या सुट्टीत तुमच्या डब्यातलं अर्धं धपाटं.

त्या अर्ध्या तासावर मी आजवर नोकरी केली, बाई. नव्यांना पहिल्या दिवशी हेच सांगते, जसं झालं तसं लिहा. त्या दिवशीचा रजिस्टरातला रकाना मात्र कोरा ठेवून घरी आले.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे पाठवणार कुठं? तरी एक सांगायचं राहिलंय. वार्षिक परीक्षेआधी हिरव्या द्रावणाचं ते पान मी वहीतून फाडलं होतं. वही चाळताना तुम्ही त्या जागी थांबलात, माझ्याकडं पाहिलंत आणि सही केलीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजिस्टरात लिहिलं: तारा मी उलट्या जोडल्या, मामा टाकीवर होते. मामांनी चष्मा लावून ते वाचलं, आणि मिठाची पोती उघडायला गेले.