नमद्याचा स्टुडिओ

नारिन,
पहिला बर्फ पडून वितळला त्या आठवड्यातला गुरुवार

आदरणीय बेइशेनमामांना भाचा सेयित याचा छातीवर हात ठेवून, मान लववून सलाम.

गुरंढोरं धडधाकट आहेत ना? घोडीचा पाय बरा झाला का? मामींची कंबर, नातवंडांचे दात, कोच्कोरची हवा, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. माझं अक्षर पाहून तुम्ही कपाळाला हात लावला असणार. "भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले" ही म्हण तुम्ही मी पाळण्यात असल्यापासून मला ऐकवत आलात. पण लांडगे आधी पत्र लिहून ख्यालीखुशाली विचारत नाहीत, एवढं तरी माझ्या बाजूनं धरा. फोन केला असता, पण नारिनचा नंबर दिसला की तुम्ही उचलत नाही, आणि कोच्कोरचा नंबर दिसला की आई फोन उशीखाली सारते. (तुम्ही दोघं सख्खी भावंडं आहात याला दुसरा पुरावा नको.) म्हणून हे पत्र मिनीबसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. आईला याचा पत्ता नाही. तुम्हा दोघांचा अबोला सुटावा हीच माझी मनापासूनची इच्छा आहे, पण ते नंतर. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आमच्या घरच्या मयताची बातमी तुमच्यापर्यंत आली असेल. ती खोटी आहे. आई ठणठणीत आहे आणि आत्ता स्वयंपाकघरात कुणावर तरी ओरडते आहे, बहुधा माझ्यावरच.

तर या सगळ्याच्या मुळाशी माझी इलेक्ट्रिक गिटार आहे. लग्नांत मी ती कशी वाजवतो ते तुम्ही ऐकलंय. लोक नाचले पाहिजेत, स्पीकर फाटला तरी चालेल. पण माझ्या डोक्यात खूप दिवसांपासून वेगळीच एक धून आहे. तुमच्या-आमच्या मधला दोलोन घाट उतरताना धुकं गाडीच्या काचेला टेकतं, रस्ता आहे की नाही कळत नाही, आणि तरी भीती वाटत नाही, तेव्हा ती येते. तिला शब्द नाहीत. एक सूर छेडायचा आणि तो लांब जाताना बघत बसायचं, बोटं हलवायची नाहीत. तो दिसेनासा व्हायच्या आत दुसरा त्याच्या मागं सोडायचा. मामा, ही धून वाजवताना मला आपण मेंढरं हाकतोय की झोपलोय हेच समजत नाही. ती एकदा पकडून ठेवावी म्हणून मी घरच्या घरी स्टुडिओ थाटायला घेतला. स्टुडिओ म्हणजे काय, तर एक लॅपटॉप, त्याला गिटार जोडायचा वीतभर डबा, एक छोटा अँप्लिफायर, त्याच्यासमोर धरायचा माइक आणि कानाला लावायचे हेडफोन. सगळं सामान शिवणयंत्राच्या टेबलावर मावतं. मावत नाही ती शांतता.

आमच्या खोलीत एक तार छेडली की ती चारही भिंतींना डोकं आपटून परत येते. त्यात फ्रिजची घरघर गिटारमधून ऐकू यायला लागली. फ्रिज बंद केला तर बायको, मीरिम, सुरू झाली. मग मी भिंतीला रचलेल्या सगळ्या गाद्या आणि रजया उचलून माइकभोवती टांगल्या. आवाज असा मऊ झाला म्हणता! पण आपल्याकडे गाद्या भिंतीला का असतात? पाहुण्यांसाठी. मी पहिला सूर सोडला आणि पाहुणे आले. मीरिमनं माझी पूर्वेकडची भिंत काढून त्यांच्याखाली अंथरली. शेवटी मी माइक घेऊन कोटांच्या कपाटात शिरलो. तिथं फार सुंदर अंधार होता. धून अगदी रंगात आली असताना आईनं दार उघडलं, माझ्या खांद्यावरून आपला कोट काढला आणि म्हणाली, "खांदा पडला बघ कोटाचा! लग्नाची बायको असून कपाटात बसतो मेला." तेही रेकॉर्ड झालंय.

आणि मग मला नमदा आठवला. वीतभर लोकर कुटून केलेला आपला जुना नमदा. आवाज त्यात शिरतो आणि बाहेर यायचं विसरतो. लहानपणी आजोबांच्या बोझ-उयमध्ये, त्या नमद्याच्या गोल तंबूत, झोपल्यावर बाहेर वादळ असलं तरी आत फक्त आजीचा श्वास ऐकू यायचा. आठवतं ना? ते अख्खं घर, जाळ्या, काठ्या, दोर, नमदे, सगळं आमच्या शेडमध्ये पडून होतं. हो मामा, तेच. तुम्हाला ते सोन-कुल तळ्यावर पर्यटकांसाठी उभारायचं होतं, आणि "माझ्या बापाच्या नमद्यावर बूट चढणार नाहीत" म्हणून आई ट्रकमध्ये घालून घेऊन आली, तेच. तेव्हापासून तुमचं बोलणं बंद. कोण बरोबर होतं यात मी पडत नाही. (मनात पडलोय, पण सांगणार नाही.)

परवा बायकांचा हमामाचा दिवस होता. आई आणि मीरिम टॉवेल, साबण, वाफेत अंग झोडायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी घेऊन सकाळीच गेल्या. मी आमच्या बँडमधल्या ढोलवाल्या मित्राला, कनातला, बोलावलं आणि दोघांनी मिळून अंगणात बोझ-उय उभं केलं. कनात घरी गेला, मी आत शिरलो.

आता तुम्ही ओरडाल. गावातल्या अंगणात, ऐन थंडीच्या तोंडावर, कसलंही आमंत्रण नसताना बोझ-उय उभं राहिलं की घरात कोणी गेलं, हे शेंबड्या पोरालाही कळतं! कळतं मामा, मलाही कळतं. पण आम्ही पडलो वाजवणारे. ज्या ज्या अंगणात आम्ही बोझ-उय पाहिलं तिथं लग्न होतं नाहीतर मेजवानी. मयताला इलेक्ट्रिक गिटार कोण बोलावतं? आमच्या दोघांच्या मनाला ही शंका शिवलीच नाही.

आत काय शांतता होती, कशी सांगू. छताच्या गोल झरोक्यातून उन्हाचा एक तुकडा खाली पडला होता आणि अगदी हळूहळू माझ्या पायाकडे येत होता. जुन्या लोकरीला धुराचा वास होता, आजीच्या ओढणीला यायचा तसाच. मी रेकॉर्डिंग सुरू केलं, हेडफोन चढवले, आडवा झालो, डोळे मिटले. पहिला सूर सोडला. तो गेला, गेला, गेला. आणि त्याच्या मागून कुठूनतरी दूरवरून माणसांचे आवाज आले. लांबलेले, रडवेले, वर चढून घरंगळणारे. मामा, माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, गिटार गायला लागली! एवढी वर्षं जे शोधत होतो ते नमद्यानं एका सुरात दिलं. माझ्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी दुसरा सूर सोडला. बाहेरून हंबरडा त्याला अगदी तालात येऊन मिळाला.

बाहेर अर्धं नारिन जमलं होतं. आपली रीत तुम्हाला माहीत आहे. फाटकापासूनच गळा काढत यायचं, कोण गेलं ते विचारायचं नाही, विचारणं वाईट दिसतं. आमच्या घरात पिकलं पान एकच, म्हणून सगळे आईसाठी रडत होते. तुरसुनाय आपा (जिच्याशी आईचं मेंढीच्या कुंपणावरून वाकडं आहे) अंगणात बसून विलापाची कवनं रचत होती. उमुतसारखी सुगरण नाही, उमुतसारखं मन नाही, तिच्या तळलेल्या बोरसोकांची सर कुणाला नाही. आणि एवढ्यात खुद्द उमुत, म्हणजे आई, फाटकातून आत आली. गाल लाल, डोक्याला टॉवेल.

इथं मला हसू येत नाही. अंगणातलं बोझ-उय आणि रडणारी माणसं पाहून आईला वाटलं, मीच गेलो. ती ओरडलीसुद्धा नाही, मीरिम सांगते, टॉवेल पडला तरी थांबली नाही. तिनं दाराचा नमदा उचलला, मी डोळे मिटून आडवा. मग तिला माझा अंगठा ताल धरताना दिसला. त्यानंतर बर्चची जुडी माझ्या तोंडावर, पाठीवर आणि गिटारवर जी बसली, तिची पानं अजून तारांतून निघतायत. मारता मारता ती मला पोटाशीही धरत होती.

बाहेर येऊन ती जी गरजली! "मी मेले नाही गं! कोण म्हणतं मी मेले?" तुरसुनाय आपा बेशुद्ध पडायच्या बेतात होती. पण दारी आलेल्यांना उपाशी कसं पाठवायचं? मेंढी कापली, चहा उकळला, आई मानाच्या जागी बसली आणि एकेकाला विचारू लागली, तू किती रडलास, रडताना काय म्हणालास? तुरसुनाय आपाकडून बोरसोकांचं कडवं तिनं तीनदा म्हणवून घेतलं. कुंपणाचं भांडण तिथंच मिटलं. मी इतकं हसणारं मयत पाहिलं नाही.

पण सगळे गेल्यावर ती पेला हातात धरून बसून राहिली. चहा निवला. म्हणाली, "कोच्कोरला दुपारच्या आतच कळलं होतं म्हणे. सगळे आले रे. दादा नाही आला. मी मेले तरी नाही आला." मग भिंतीकडे तोंड करून निजली. काल दिवसभर ती जेवली नाही. तुम्हाला दोष देत नाही मामा, घाटात बर्फ असेल, गाडी बिघडली असेल. पण मला फार वाईट वाटलं, आणि ते तुम्हाला कळावं म्हणून हा सगळा लेखनप्रपंच. मामींना सलाम, लेकरांचे पापे.

तुमचा भाचा (लांडगा नव्हे),
सेयित

ता. क. घाट बंद आहे, मिनीबस गेली नाही, म्हणून पत्र माझ्याचकडे. वेळ होता तर परवाचं रेकॉर्डिंग ऐकायला बसलो. ते बंद करायचं राहूनच गेलं होतं, त्यामुळे जुडीच्या फटक्यांनंतरचंही सगळं त्यात आहे.

ता. क. दुसरा. मामा, मी ऐकलं. आई आणि तिच्या मागं मी बाहेर गेल्यावर, मागच्या गल्लीच्या बाजूनं, नमद्याला अगदी लागून एक पुरुष रडत येतो. "धाकटे गं, माझे धाकटे, एक शब्द बोलायचा होता गं." तेवढ्यात अंगणातून आईचं "मी मेले नाही गं!" ऐकू येतं. रडणं अर्ध्यावर तुटतं. मग नाक शिंकरल्याचा आवाज, आणि अगदी हळू, "शुकर आहे, देवा." मग कोच्कोरची ती खोकणारी गाडी सुरू होते आणि निघून जाते. एवढा घाट चढून आलात आणि कुंपणावरून परत गेलात!

ता. क. तिसरा. न राहवून आईला हेडफोन घातले. तिनं ते दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. संपल्यावर म्हणाली, "परत लाव." पुन्हा म्हणाली, "परत लाव." माझी धून त्यात आहे हे तिच्या लक्षातही आलं नाही. आता ती माझ्या डोक्यावर उभी राहून हे लिहवून घेते आहे. बोझ-उय अजून उभंच आहे, ते उतरवायला तुम्ही यायचं, एकट्या सेयितच्या हातानं ती उतरवू देणार नाही. उतरवल्यावर ते कुठं न्यायचं ते तुम्ही दोघं बोलून ठरवाल. आणि म्हणते, "त्याला सांग, लहानपणापासून बेसूर रडतो, अजून तसाच रडतो. रडायचं असेल तर फाटकातून आत ये, माझ्यासमोर बस आणि रड. मी मेल्यावर मला ऐकू येणार नाही."