डेस्क वाढवू नये

मी, सूरजबाई भ्रतार मांगीलाल छाजेड, वय वर्षे सदुसष्ट, धंदा बारदान म्हणजे रिकामी पोती व सुतळी यांचा, राहणार दोंडाईचे, तालुका शिंदखेडे, जिल्हा धुळे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. ते ठिकाणावर नाही असे यंदाच्या दिवाळीपासून घरात ज्यांना वाटू लागले आहे, त्यांनी हा कागद शेवटपर्यंत वाचावा आणि मग बोलावे. मला कोणीही भरीस घातलेले नाही. या घरात दुसऱ्याला भरीस घालण्याचे काम आजवर मीच करत आले आहे.

कलम १. माझे यजमान १९४४ साली वारले. मला एक मुलगा, चि. प्रकाशचंद, आणि एक मुलगी, सौ. पानबाई, जी चोपड्याला दिली आहे. प्रकाशचंदची पत्नी सौ. प्रेमकुंवर ही माझी सून, आमच्या बोलीत बिनणी. धुळ्याचे इंदरचंदजी हे यजमानांचे थोरले बंधू, म्हणजे माझे जेठ. कौतिक हा आमचा हमाल. मुले, सून आणि कौतिक मला ‘बाई’ म्हणतात. या कागदात एवढीच माणसे येतील, आणि त्यातल्या काहींना ते आवडणार नाही.

कलम २. राहते घर मी प्रकाशचंदला देते. बँकेतली शिल्लक प्रकाशचंद व पानबाई यांनी निम्मी निम्मी घ्यावी. माझे दागिने पानबाईचे. तिच्या सासरी या वाटणीवर कोणी नाक मुरडले, तर तिने ते मुरडू द्यावे.

कलम ३. आता दुकान. स्टेशन रोडवरचे हे दुकान यजमानांच्या वेळी भाड्याचे होते. १९५२ साली मी ते माझ्या कमाईतून माझ्या नावावर विकत घेतले. ते कोणाला द्यायचे हे सांगण्यापूर्वी एका शब्दाचा खुलासा करणे मला भाग आहे.

दुकानदार संध्याकाळी ‘दुकान बंद करा’ असे म्हणत नाही. ते अशुभ. तो ‘वाढवा’ म्हणतो. बांगडी फुटली तरी वाढली म्हणतात. यजमान वारले ते दुकानातच, गादीवर, दिवेलागणीला. छातीत कळ आली म्हणून मला घरातून बोलावले. मी पोहोचले तेव्हा ते डेस्काला टेकून बसले होते. हे डेस्क म्हणजे गादीवर ठेवायचे, उतरत्या झाकणाचे, बैठे, सागवानी. त्यावर हात ठेवून ते म्हणाले, “सूरज, वाढव आता.” त्यानंतर ते बोलले नाहीत.

उठावण्याच्या, म्हणजे तिसऱ्या दिवशी जेठजी धुळ्याहून नवे कुलूप घेऊनच दुकानात आले. म्हणाले, “मांगीलाल स्वतःच्या तोंडाने सांगून गेला. दुकान वाढवायचं. डेस्क मी धुळ्याच्या पेढीवर नेतो.” आमच्यात जेठापुढे तोंड उघडायचे नाही, पदर नाकाखाली ओढून उभे राहायचे, अशी रीत. काही सांगायचेच झाले तर मधे कोणीतरी लागते, एखादे मूल किंवा गडी. त्या वेळी मधे कोणीही नव्हते. पानबाई शेजारणीकडे होती आणि प्रकाश माझ्या खांद्यावर झोपला होता. मग मी डेस्काशी बोलले.

“डेस्का, जेठजींना सांग. यजमान ‘वाढव’ म्हणून गेलेत. मी वाढवणार आहे. बारदानाच्या दोन गाठींच्या दहा करणार आहे.”

डेस्काला उलट उत्तर देण्याची रीत आमच्यात नाही. नवे कुलूप तिथेच विसरून जेठजी गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी गादीवर बसले. गाव हसले. मिरचीच्या हंगामात तेच गाव बारदानाला माझ्या दारात उभे राहिले, तेव्हा मीही थोडी हसले.

कलम ४. प्रेमकुंवर लग्न होऊन आली तेव्हा एक दिवस डबा घेऊन दुकानात आली आणि परत गेलीच नाही. गादीवर दोघींना जागा आहे. डेस्काच्या डाव्या बाजूला मी, उजव्या बाजूला ती. माल ओला आहे की कोरडा, हे तिला हात लावताच कळते. गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणावे तर तिनेच. तो माणूस आणखी दोन वस्तू घेऊन जातो.

यंदा दिवाळीआधी मी पानबाईकडे चोपड्याला गेले होते. परत येताना प्रकाशचंद स्टेशनवर घ्यायला आला. टांग्यात म्हणाला, “बाई, तुमचं डेस्क वाढवलं बरं का.” मला किती आनंद झाला ते मी इथे लिहून ठेवते. दाभणांना वेगळा खण हवा, सुताराला बोलाव, असे मी त्याला किती वर्षे सांगत होते. मला वाटले पोराने खण वाढवून घेतला. मी टांग्यातच त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

दुकानात आले तर गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी. मधोमध एक पोलादी टेबल, वर सनमायका, आणि मागे खुर्ची. एक खुर्ची.

प्रकाशचंदचे म्हणणे असे की साफसफाई करायला हवीच होती. ते खरे आहे. डेस्कात पसारा होता, हे मला मान्य आहे. जेठजी दिवाळीसाठी आधीच आले होते, त्यांनी शेजारी बसून दोन ढीग करवले, कामाचे आणि बिनकामाचे. बिनकामाच्या ढिगात गेले ते असे: वाकडी दाभणे, यजमानांची दौत, माझा एका काडीचा चष्मा, सुतळीचे सगळे तुकडे आणि एक गंजके कुलूप. मी विचारले, “बिनणी कुठे बसणार?” तो म्हणाला, “बाई, आता तिला घरीच आराम करू द्या. चार लोकांत बरं दिसत नाही.” त्या टेबलाचा हिशेब मला तेव्हा कळला. पसारा म्हणून जे काढले, त्यात माझी सूनही होती.

पुढची गोष्ट मला कौतिकने त्याच्या अहिराणीत सांगितली; त्यात भाऊ म्हणजे प्रकाशचंद, बठ्ठं म्हणजे सगळं. “बाई, तुमनं डेस्क मांगे गोदाममा शे. भाऊनी बठ्ठं सामान पोतामा भराले सांगं. पन मी काहीच फेकं नई.” आणि मग तोंडावर उपरणे धरून हसत म्हणाला, “वहिनी डेस्कसंगे बोलनी ना, बाई!”

चुलतसासऱ्यांपुढे, म्हणजे जेठजींपुढे, प्रेमकुंवरला बोलता येत नव्हते. डेस्क उचलले तेव्हा ती पदर ओढून पुढे आली आणि म्हणाली, “डेस्का, काकाजींना सांग. तू आज मागे जातंयस ते बाई येईपर्यंतच.” ही युक्ती मी तिला शिकवली नव्हती. १९४४ ची गोष्ट मी तिला कधी सांगितलीही नव्हती. मी गोदामात गेले, डेस्कावर हात ठेवला आणि रडले. रडून झाल्यावर कौतिकला हाक मारली. लक्ष्मीपूजनाला डेस्क गादीवर होते.

कलम ५. सबब स्टेशन रोडवरचे दुकान, त्यातील सर्व माल, गादी आणि डेस्क मी सौ. प्रेमकुंवर हिला तिच्या एकटीच्या मालकीने देते. प्रकाशचंद माझा मुलगा आहे, माझा त्याच्यावर जीव आहे, आणि म्हणूनच त्याच्या हातून हे पाप मी होऊ देणार नाही. पोलादी टेबल व खुर्ची त्याला. त्याने धुळ्याला पंख्यांची एजन्सी घ्यायची म्हटले आहे. घ्यावी. तिथे ते शोभेल.

डेस्क कसे लावावे हे मी प्रेमकुंवरला सांगत नाही. ते आता तिचे आहे. तिला वाटले तर तिनेही दोन ढीग करावेत. माझा चष्मा टाकला तरी माझी हरकत नाही. फक्त सुतळीचे तुकडे ठेवावेत. साक्रीच्या बाजारातून येणारा माणूस गाठोडे सुटले म्हणून दारात उभा राहतो, त्याला तुकडा फुकट द्यायचा असतो. तो परत येतोच. आणि दाभणांना एक खण वाढवून घ्यावा. इथे वाढवणे म्हणजे सुताराकडून करवून घेणे.

कलम ६. गंजके कुलूप जेठ इंदरचंदजी यांना परत करावे. आपण आणलेले कुलूप आपणच बिनकामाच्या ढिगात टाकले, हे त्यांच्या लक्षात आलेले नाही. सोबत निरोप द्यावा की आम्हाला ते कधी लागले नाही. हा निरोप आता मधे कोणाला न घालता द्यावा.

कलम ७. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये, असे वकिलांनी सांगितले. कौतिक साक्षीदार आहे. म्हणून मोठा तराजू मी त्याला आजच देऊन टाकला. तो नको नको म्हणत होता आणि उचलतही होता.

कलम ८. मी गेल्यावर दुकान उठावण्यापर्यंत मिटलेले राहील, त्याला इलाज नाही. चौथ्या दिवशी सकाळी प्रेमकुंवरने गादीवर, डाव्या बाजूला बसावे. उजवी बाजू रिकामी ठेवावी. तिची मुलगी मोठी होते आहे.

यजमानांना ‘वाढव’ म्हणजे नक्की काय म्हणायचे होते, हे मला आजवर पुष्कळांनी खोदून विचारले. ते मला माहीत नाही. पुढे कुठे त्यांची भेट झालीच तर विचारीन. ‘बंद कर असंच म्हटलं होतं’ असे ते म्हणाले, तर मी त्यांना सांगेन, की आता फार उशीर झाला, गादीवर बिनणी बसली आहे, तिला विचारा. तिच्याशी बोलायला मधे कोणी लागत नाही.

हे मृत्युपत्र मी दुकानात, डेस्कावर, शाईने लिहिले. दौत यजमानांची आहे.

सही: सूरजबाई मांगीलाल छाजेड

आमच्यासमोर सूरजबाईंनी वाचून सही केली, सबब आम्ही साक्ष घालतो:
१. पितांबर दगडू पाटील, रा. दोंडाईचे (सही)
२. कौतिक चिंधा भिल, रा. दोंडाईचे (डाव्या हाताचा अंगठा)

स्थळ: दोंडाईचे. दिनांक ९ नोव्हेंबर १९७३. वेळ संध्याकाळची, दुकान वाढवण्यापूर्वी.