डावीकडचा ठिपका

चाचा, मागच्या आठवड्यात तुमच्या हातचा एक ॲम्प्लिफायर दुकानात आला. आणणारा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. ॲम्प्लिफायर त्याच्या मामाच्या माळ्यावर बरीच वर्षं पडून होता म्हणे. "मिस्त्री, आवाज पार फाटतोय बघा. रविवारी कागलात लग्न हाय, तवर आमची अब्रू तुमच्या हातात." मागची जाळी काढली तर आवाज वाढवणाऱ्या दोन काचेच्या पॉवर व्हॉल्व्हपैकी एकाचा चकचकीत माथा पांढरा पडलेला. काचेतून आत हवा शिरली की असं होतं, हे तुम्हीच दाखवलं होतं. एक गेला तरी बदलायची जोडीच, हेही तुमचंच.

शिरोलीतली फौंड्री बंद पडल्यावर मी मंगळवार पेठेत तुमच्या दुकानात काम शिकायला आलो, तेव्हा माझं लग्न झालेलं होतं. गावातल्या शाळेत दहावीपर्यंत शिकलो होतो, पण विजेबद्दल फक्त भीती ठाऊक होती आणि तीही पुरेशी नव्हती. पहिल्याच आठवड्यात चालू मशीनमध्ये, म्हणजे ॲम्प्लिफायरमध्ये, मी दोन्ही हात घातले. तुम्ही आधी बटण बंद केलंत, मग माझ्या मनगटावर स्क्रूड्रायव्हरची मूठ हाणलीत. "दोन्ही हात घालाय ही काय पिठाची परात हाय व्हय? एक हात आत, एक खिशात. तुझ्या बायकोला मी काय सांगू?" तेव्हापासून माझा डावा हात खिशात असतो. मशीन चालू करण्याआधी तुम्ही बिस्मिल्ला म्हणायचात, मी अंबाबाईचं नाव घ्यायचो, आणि दोघांचं झाल्याशिवाय बटणाला कुणी हात लावायचं नाही.

नवे व्हॉल्व्ह बसवले की बायस लावायचा. म्हणजे गिटार गप्प असताना व्हॉल्व्हमधून किती करंट वाहू द्यायचा ते आतल्या एका छोट्या स्क्रूनं ठरवायचं. कमी पडला तर आवाज कोरडा येतो, जास्त झाला तर व्हॉल्व्हच्या आतली प्लेट लाल होते आणि व्हॉल्व्ह जळतो. या मशीनला मीटरचा काटा पस्तिसावर हवा. काटा जमला की तुम्ही स्क्रू हलू नये म्हणून त्याच्या उजव्या कडेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचात. कासाराच्या दुकानातून ती बाटली आणताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं पुन्हा मोजायचं, बरोबर असेल तर डाव्या कडेला त्याचा ठिपका. उजवा लावणाऱ्याचा, डावा तपासणाऱ्याचा. डाव्या ठिपक्याशिवाय मशीन दुकानाबाहेर जात नसे. मी लावलेल्या मशिनी तुम्ही तपासायचात, तुमच्या मी.

शेवटच्या वर्षी तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनचं काढलं की तुम्ही म्हणायचात, "मला समदं दिसतंय. तुझं टक्कल बी दिसतंय." मी तपासायला बसलो तर काटा पन्नासावर. पहिल्यांदा वाटलं, व्हॉल्व्ह तापून काटा सरकला असेल. तिसऱ्यांदा तसं वाटलं नाही. तुम्ही दुपार कलल्यावर असरच्या नमाजाला गेलात की मी तुमचा ठिपका खरवडायचो, काटा पस्तिसावर आणायचो आणि उजव्या कडेला तुमच्यासारखाच ठिपका द्यायचो. डावी कड मोकळी ठेवायचो. तिथं ठिपका देणं म्हणजे तुमचं काम बरोबर होतं असं म्हणणं, आणि तेवढं खोटं माझ्यानं झालं नाही. जाळी लावून गिऱ्हाइकाला द्यायचं काम तुमचं; माझ्या लेखी मशिनी तशाच जात राहिल्या. डावीकडचं कुठं गेलं, असं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

आता आलेलं मशीन त्याच वर्षातलं. प्लग काढला, साठलेली वीज उतरवली आणि बॅटरी धरून पाहिलं. उजव्या कडेला माझा ठिपका, तुमच्या नावावर खपवलेला. डाव्या कडेला दुसरा. मोठा, ओघळलेला, स्क्रू सोडून निम्मा पत्र्यावर. न दिसणाऱ्या माणसानं चाचपडत दिलेला. मी उठून माठातलं पाणी प्यायलो. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही माझं मोजलंत, बरोबर ठरवलंत आणि तपासणाऱ्याच्या जागी जाऊन बसलात. काटा कुणाकडून वाचून घेतलात, कोण जाणे.

पण नवी जोडी म्हणजे बायस नव्यानं, आणि त्यासाठी स्क्रू सुटा हवा. तासभर दुसरी कामं केली. मग दोन्ही ठिपके खरवडले. तुमच्याच मीटरवर काटा पस्तिसावर आणला. उजवा ठिपका दिला आणि डाव्यापाशी अडलो. तुमच्यामागं पंधरा वर्षं मी एकटाच लावतो, एकटाच तपासतो, डावा ठिपका देतच नाही. दुसऱ्याला दाखवायचं धाडस झालं नाही, एवढंच. सकाळी बायको डबा घेऊन आली तेव्हा तिला स्टुलावर बसवलं, हात पदराखाली घ्यायला लावले आणि मशीन चालू करून काटा वाचायला सांगितला.

"बेचाळीस."

"नीट बघ. पस्तीस."

"अवो, बेचाळीस हाय की! पस्तीस कुठं दिसला तुमास्नी?"

मी वाकून, मान तिरकी करून, मीटर खिडकीकडं वळवून पाहिलं. बेचाळीसच होता. उजवा ठिपका खरवडून तिनं पस्तीस वाचेपर्यंत पुन्हा लावला, उजवा ठिपका नव्यानं दिला आणि डावा तिच्या हातनं. रविवारी मशीन नीट वाजलं, असा त्या पोराचा फोन आला.

हा कागद जुन्या व्हॉल्व्हच्या खोक्यात, तुमच्या मीटरखाली ठेवतो आहे. बायको रोज विचारते, डोळ्यांच्या डॉक्टरकडं कधी जाताय. मी तिला सांगितलंय, मला समदं दिसतंय.