सहा वाजताचा निरोप

मिरकरवाडा, रत्नागिरी

ती. अजिंक्यदादास,

धाकट्या दिशाचा नमस्कार. (वाकून म्हणणार होते, पण ऑफिसात तुझ्याच खुर्चीवर बसून लिहितेय, आणि जरा वाकलं की तिचं चाक अजूनही निसटतं.) इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण आईपेक्षा कमीच. तुझी तब्येत कशी आहे? फोनवर विचारलं की तू नुसता अंगठा पाठवतोस, आणि अंगठ्यावरून माणूस जाडावला की वाळला ते कळत नाही, म्हणून हे कागदावर. शेजारचा रितेश मस्कतला निघालाय, त्याच्या पिशवीत हे पत्र आणि आईची फणसपोळी आहे. फणसपोळी कमी वाटली तर रितेशला विचार, मला नको.

तर तू गेल्यापासून या मासळीच्या कोल्ड स्टोरेजमधले सगळे संगणक माझ्या गळ्यात आहेत, म्हणजे खरं तर तुझ्या स्क्रिप्टांच्या गळ्यात. गेल्या आठवड्यात मुख्य ऑफिसातून एक तपासनीस साहेब आले. चहा झाला, तळलेली सुरमई झाली (दोनदा घेतली), मग त्यांनी तुझी संध्याकाळची पॉवरशेल स्क्रिप्ट उघडायला लावली. तीच रे, सहाच्या ठोक्याला आपोआप सगळ्या मशीनवर निरोप झळकवते, मग बॅकअप घेते आणि सगळं बंद करते. तिच्या डोक्यावर तू लिहिलेलं गाऱ्हाणं बघून साहेबांचा घास अडकला. "हे बारा गावच्या म्हाराजा, ह्या सर्व्हराला व्हायरसाची बाधा होऊ नये, लाईट जाऊ नये, कोणी पासवर्ड विसरू नये, व्हय म्हाराजा!" हे काय आहे, म्हणाले. मी म्हटलं, टिपण आहे, संगणक ते वाचत नाही. साहेब म्हणाले, वाचत नाही तर ठेवलंय कशाला, काढून टाका. मी काढलं.

आता काढताना व्हायचं ते झालं. टिपण कुठून कुठवर ते संगणकाला दाखवणाऱ्या दोन खुणा असतात ना, त्यातली गाऱ्हाण्याच्या आधीची राहिली आणि नंतरची त्याच्याबरोबर गेली. टिपण कुठे संपतं तेच सापडेना, तेव्हा संगणकाने अख्खी स्क्रिप्टच नाकारली. तू मला घोकून घेतलं होतंस की काहीही बदललं की आधी व्हॉट-इफ लावून बघायचं, म्हणजे काय झालं असतं ते संगणक नुसतं सांगतो, करत काही नाही. पण मला वाटलं, चार ओळी मराठी काढल्या, त्यात बघायचं काय!

संध्याकाळी सहा वाजले आणि निरोप आलाच नाही. दादा, कोणीही उठलं नाही! समोर भिंतीवर एवढं मोठं घड्याळ, पण इथल्या माणसांना तुझ्या निरोपाची सवय. तो आला की खुर्च्या सरकतात, डबे पिशवीत जातात. हिशेबाचे धोंडूकाका जमा-खर्च जुळला तरी पुन्हा जुळवत बसले. सगुणाताईची पावसला जाणारी एसटी गेली तेव्हा कुठे आरडाओरडा झाला. धोंडूकाका थेट माझ्यासमोर उभे. "गो बाय, गाऱ्हानं पुसलंस, आता मशीन कशी चालंल? राखनदार देव रुसला तुझा!" मग नारळ आणवला, सर्व्हरच्या खोलीबाहेर फोडला (आत फोडू दिला नाही, एवढं तरी शिकलेय), स्वतः काकांनी गाऱ्हाणं घातलं आणि सगळा हिशेब विभाग एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणाला. तेवढ्यात मी जुन्या प्रतीतून गाऱ्हाणं खुणांसकट परत चिकटवलं. स्क्रिप्ट चालली. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खुणांबद्दल एक अक्षर बोलले नाही. खोबरंही बरं होतं.

आणि मग उशिरा का होईना, सगळ्या पडद्यांवर तुझा निरोप आला, "वाजले सहा. मशीन बंद करा, घरी जा. आई वाट बघतेय." रोज बघते मी तो. त्या दिवशी सगळे निघून गेले आणि मी त्याच्याकडे बघत बसले. तू समोर नसताना तुझं बोलणं वाचायचं म्हणजे फार वाईट वाटतं रे.

घरी गेले तर आई बांगडे साफ करत होती. "अजिंक्य असता तर दोन जास्ती घेतले असते गो." तू असतास तर पन्हळ दुरुस्त झाली असती, तू असतास तर तिने नवा पडदा शिवला असता. तिचं सगळं घर व्हॉट-इफवर चाललंय, दादा. काय झालं असतं ते सांगते, करत काही नाही.

पत्राचं कारण एवढंच की ते साहेब पुन्हा येणार आहेत. गाऱ्हाणं ठेवायचं की काढायचं, ते त्यांना कसं समजवायचं, तेवढं कळव.

तुझी,
दिशा

ता.क. साहेबांचं काही कळवू नकोस. धोंडूकाकांनी त्यांना फोन करून राखणदाराची अशी काही भीती घातली की तेच म्हणाले, राहू द्या.

ता.क. २. शिमग्याला तू येत नाहीस, कारण तुझ्याशिवाय मस्कतचे सर्व्हर चालत नाहीत म्हणे. आपल्याशिवाय ऑफिस चालावं म्हणून इथे एवढ्या स्क्रिप्टा लिहून गेलास, तो तूच ना? की तिकडे लिहिता येत नाहीत? यंदा देवाची पालखी आपल्या अंगणात यायची आहे. आई गाऱ्हाण्यात काय मागणार ते मला विचारू नकोस.

ता.क. ३. सहाच्या निरोपाच्या यादीत मी तुझा ईमेल घातलाय. तुझ्याकडे तेव्हा साडेचारच वाजलेले असतील, पण रोज येईल. व्हॉट-इफ लावलेला नाही. बंद करायचा असेल तर इथे येऊन, या खुर्चीवर बसून, तुझ्या हाताने ती ओळ काढ. मी काही काढायची नाही.